सासूबाईंचा फळा आणि माझं वार्तापत्र

मी एकोणीस वर्षं नगरपालिकेचं वार्तापत्र लिहितोय. 'लिहितोय' हा शब्द माझा. बायको 'भरतोय' म्हणते. चार पानांचा हा अंक पंधरवड्यातून एकदा शहरातल्या प्रत्येक घराच्या दाराखालून आत सरकवला जातो. पाणी कधी बंद, रस्ता कुठे उकरलाय, जन्मदाखल्याची खिडकी कुठल्या मजल्यावर हलवली, नव्या बागेची फीत कोणी कापली, असा सगळा मजकूर त्यात असतो. लोक तो वाचत नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही. लोक तो वापरतात. आमच्याच इमारतीत मी तो चपलांच्या कपाटात अंथरलेला पाहिलाय, त्यानं खिडकीच्या काचा पुसताना पाहिलंय, आणि एकदा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून सारलेला पाहिलाय. त्या टेबलाचं मात्र त्यानं खरोखर भलं झालं होतं.

आमचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. तीन टेबलं, दोन चांगल्या खुर्च्या आणि एक माझी. साहेब, मी आणि फोटो काढणाऱ्या बाई, एवढाच पसारा. जिन्यावरून माणसं चढली की माझ्या डोक्यावर धाडधाड आवाज होतो, त्यामुळे आज कुठल्या मजल्यावर गर्दी आहे हे मला मान वर न करता कळतं. शहराबद्दल मला थेट मिळणारी माहिती एवढीच. बाकीची फायलींतून येते.

फायलीत आलेलं साधं वाक्य उचलायचं, त्याला कोट चढवायचा आणि बाहेर पाठवायचं, हेच आपलं काम अशी माझी पक्की समजूत होती. 'पाइप फुटला' असं कोणी लिहून पाठवलं की मी लिहायचो, 'जलवाहिनीस अकस्मात गळती उद्भवल्याने'. कॉलेजात असताना मी कविता करायचो. त्या कोणीही छापल्या नाहीत. नगरपालिकेनं मात्र माझं सगळं छापलं, एक काना इकडचा तिकडे न करता, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. ऑफिसात मला 'उपरोक्त' म्हणतात. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा ते कौतुकानं ठेवलंय असं वाटून मी दोन दिवस खुशीत होतो.

चार वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी एकतीस वर्षं बस स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर काम केलं. सासरे लवकर गेले. त्या खिडकीवर बसून त्यांनी दोन मुली वाढवल्या. खिडकीला काच होती आणि काचेला खाली एक भोक. भोक इतकं खाली की विचारणाऱ्याला वाकावंच लागायचं, त्यामुळे आतून आधी दिसायची ती त्याची हनुवटी. "एकतीस वर्षं मी हनुवट्यांशी बोलले," असं त्या सांगतात. एका माणसाला देता येईल तो वेळ म्हणजे दोन श्वास. मागे रांग, आणि फलाटावर गाडीचं इंजिन चालू.

ती सवय त्यांच्या अंगातून गेली नाही. आल्यानंतर आठवड्याभरातच मी त्यांना आमच्या ऑफिसातलं राजकारण समजावून सांगत होतो. साहेब मला कसे डावलतात, मी ते कसं मनावर घेत नाही, वगैरे. मी जरा दम खायला थांबलो तशा त्या म्हणाल्या, "पुढचे?" खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मग माझा अंक आला. त्यांनी चष्मा लावला, हातात पेन्सिल घेतली आणि खिडकीपाशी बसून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत माझं लिखाण असं बैठक मारून वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी उगाच आसपास घुटमळत राहिलो.

"जावईबुवा, यात पाणी कुठल्या दिवशी नाही?"

"तिसऱ्या परिच्छेदात आहे, आई."

"तिसऱ्यात टाकीचा इतिहास आहे."

"मग चौथ्यात असेल."

"चौथ्यात गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे. कुठली गैरसोय, ते नाही."

त्यांचं वय झालंय, डोळे थकलेत, असं मनात म्हणत मी अंक घेतला. मलाही सापडेना. शेवटी सापडलं. पाचव्या परिच्छेदात, कंसात.

"पाचव्यापर्यंत वाचतील की लोक," मी म्हणालो.

"तोवर त्यांची गाडी सुटलेली असते," त्या म्हणाल्या. मग पेन्सिल खाली ठेवून मला समजावून सांगू लागल्या, अगदी प्रेमानं, त्यामुळे जास्त लागलं. "माणूस विचारतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं. 'गाडी किती वाजता?' असं विचारणाऱ्याला वेळ नको असते हो. त्याला विचारायचं असतं, मी आत्ता चहा प्यायला जाऊ की नको. तुम्ही त्याला इंजिनाची माहिती देताय."

मी हसण्यावारी नेलं. बस स्थानक आणि प्रशासन यात फरक असतो, असंही काहीसं बोललो बहुतेक. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी एक फळा आहे. वर्षातून एकदा त्यावर सभेची तारीख लिहिली जायची आणि पुढच्या सभेपर्यंत तीच असायची. एके दिवशी पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सासूबाईंना जिन्यात गाठलं. "आजी, तुमचे जावई नगरपालिकेत ना? उद्या पाणी आहे का हो?"

"जावयांना विचारून नाही कळायचं. थांबा," असं म्हणून त्यांनी तिथूनच पाणीपुरवठ्याला फोन लावला. मग फळा पुसला आणि लिहिलं:

'गुरुवारी पाणी नाही. बुधवारी संध्याकाळी भरून ठेवा. शुक्रवारी पहिला अर्धा तास गढूळ येईल, ते पिऊ नका.'

इतकंच. त्यानंतर तो फळा कधी रिकामा राहिला नाही. सासूबाईंकडे एक वही होती आणि तिच्यात फोन नंबर. नंबर साहेबांचे नव्हते. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा, कचरागाडीच्या ड्रायव्हरचा, रस्ते विभागातल्या मुकादमाचा. "साहेबांना माहीत असतं काय व्हायला हवं," त्या म्हणायच्या. "ह्यांना माहीत असतं काय होणार आहे." आणि एखादी गोष्ट त्यांनाही समजली नाही तर फळ्यावर तसंच लिहायच्या: 'अजून कळलं नाही.' नगरपालिकेच्या इतिहासात हे तीन शब्द कोणी छापले नव्हते. मी तर त्यासाठी सबंध परिच्छेद वापरायचो.

शेजारच्या इमारतीतले लोक येऊन फळ्याचे फोटो काढून नेऊ लागले. ते फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागले. एके संध्याकाळी मी नव्या अंकांचा गठ्ठा काखेत मारून दारातून आत शिरत होतो, तर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर मला अडवून म्हणाले, "फळा आहे म्हणून बरं. नाहीतर नगरपालिकेत काय चाललंय ते आपल्याला कोण सांगणार?" गठ्ठ्याकडे बघून पुढे म्हणाले, "रद्दी का? द्या, मीही उद्या देणारच आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि मग मी जे केलं ते सांगताना आजही मान खाली जाते. पुढच्या अंकात पहिल्या पानावर मी एक चौकट टाकली. 'काही अनधिकृत स्रोतांद्वारे, विशेषतः फलकांद्वारे, नागरी सेवांविषयी माहिती प्रसृत केली जात असल्याचे निदर्शनास आले आहे. नागरिकांनी अशा माहितीवर विसंबून न राहता खात्री करून घ्यावी.'

बायकोनं ती वाचली. "हे आईबद्दल आहे?"

"सर्वसाधारण आहे."

"गावात खडू घेऊन फळ्यावर लिहिणाऱ्या बायका किती आहेत?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त 'वाढलंय' एवढंच बोलायची. सासूबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चौकट दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "छान आलीये. फक्त खात्री करायची म्हटलंय ना, ती कुठे करायची तो नंबर राहिला. माझ्या वहीत आहे, देऊ का?"

एवढं झाल्यावर मला त्या फळ्यासमोरून जाववेना. आमच्या इमारतीला मागच्या बाजूनं एक अरुंद जिना आहे. तो खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी उतरतो. मी तिथून ये-जा करू लागलो. एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला नगरपालिकेचा माहितीलेखक, आपल्या सासूच्या अक्षराला घाबरून, रोज सकाळी इस्त्रीच्या कपड्यांत ओल्या कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत होता.

त्यातच पुलाची भानगड आली.

आमच्या गावाच्या मधून नदी जाते आणि तिच्यावर मोठा पूल एकच. त्याच्या दुरुस्तीसाठी तो चाळीस दिवस बंद ठेवायचा होता. इंजिनिअरांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'बुधवार, ००:०० वाजल्यापासून बंद.' ते शून्य-शून्य माझ्या डोळ्यांत खुपलं. एवढी मोठी बातमी आणि तिच्या कपाळावर चार शून्यं! मी ती पुसली आणि लिहिलं, 'बुधवारी मध्यरात्रीपासून'. लिहून झाल्यावर ते वाक्य मी हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवलं. काहीतरी जमून आलंय असं वाटलं.

इंजिनिअरांच्या पत्राचा अर्थ, बुधवार उजाडायच्या आधीच पूल बंद. माझ्या डोक्यात मात्र बुधवारची मध्यरात्र म्हणजे बुधवारचा दिवस पार पडल्यावर येते ती. म्हणजे पुलाला मी एक पूर्ण दिवस जास्त देऊन टाकला होता. ही उदारता मला समजली नाही, साहेबांना समजली नाही, आणि अंक घरोघर गेला.

नेमकं त्याच बुधवारी मला बक्षीस मिळणार होतं. आसपासच्या नगरपालिकांची एक संघटना आहे. तिनं 'सुबोध नागरी प्रकाशन' म्हणून आमच्या अंकाला दुसरा क्रमांक दिला होता. हे मी विनोदासाठी सांगत नाहीये; तसं पत्र खरंच आलं होतं. समारंभ अकरा वाजता, नदीपलीकडच्या सभागृहात. मी कोट धुऊन आणला, चार पानांचं भाषण तयार केलं, आरशासमोर तीनदा म्हटलं.

सकाळी निघताना सासूबाईंनी विचारलं, "कसे जाणार?"

"बसनं. पुलावरून."

"अहो, पूल तर..."

"आई," मी बुटाची नाडी बांधत म्हणालो, "पुलाची बातमी मीच लिहिलीये."

"ते खरं हो, पण..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी मागच्या जिन्यात पोचलो होतो.

बस पुलाच्या तोंडाशी थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. समोर लोखंडी अडथळे, त्यापलीकडे रस्ता फोडणारी यंत्रं, आणि अलीकडे शंभरेक माणसं. त्यातल्या निदान दहा जणांच्या हातात माझा अंक होता. इतके वाचक एकत्र मी आयुष्यात पाहिले नव्हते. सगळे शिव्या घालत होते.

एका उंच गृहस्थांनी अंक माझ्यापुढे धरला. "तुमच्याकडे चष्मा आहे. वाचा बरं, काय लिहिलंय ते."

मी वाचलं. "नागरिकांना सूचित करण्यात येते की, नदीवरील मुख्य पुलाच्या सांध्यांचे दुरुस्तीकाम प्रस्तावित असल्याने सदर पूल बुधवारी मध्यरात्रीपासून चाळीस दिवसांच्या कालावधीकरिता सर्व प्रकारच्या वाहतुकीस बंद ठेवण्यात येणार असून, तदनुषंगाने नागरिकांनी पर्यायी मार्गांचा अवलंब करावा." मध्ये दोन ठिकाणी माझा दम संपला. हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

"म्हणजे आज रात्रीपासून ना?" गृहस्थ म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो. त्या सकाळी मी बोललेलं पहिलं खरं वाक्य ते.

"आणि पर्यायी मार्ग कुठला?"

मी अंक उलटा केला, सुलटा केला. मार्ग नव्हता. 'अवलंब करावा' तेवढं होतं.

"कोण गाढव लिहितो हो हे?"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो. "जिन्याखाली बसून लिहीत असेल. त्याला काय पडलीये? बसल्या जागी पगार मिळतो." एकदा तोंड सुटल्यावर मी थांबेना. त्या माणसाची भाषा, त्याचा आळस, त्याचा तोरा, सगळ्याचा मी असा समाचार घेतला की बाजूचे दोघे माझ्याकडे आदरानं बघू लागले. इतकी बारीक माहिती दुसऱ्या कोणाकडे असणार तरी कशी?

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या बाहीला हात लावला. तिशीतल्या एक बाई होत्या. रिक्षात त्यांचे वडील बसले होते, पाय सुजलेले, मांडीवर रुग्णालयाची फाइल. "दादा, तुम्हाला बरंच माहीत दिसतंय. पलीकडे जायला दुसरा रस्ता आहे का? यांचं साडेदहाला डायलिसिस आहे. उशीर झाला तर नंबर दुसऱ्याला देतात."

वडिलांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला रस्ता माहीत नव्हता. एकोणीस वर्षं मी या गावाच्या रस्त्यांवर लिहीत होतो आणि दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. मी घरी फोन लावला. यंत्रांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, मी पुलापाशी आहे."

"असणारच. ऐकून कुठे घेतलंत?"

"एक पेशंट आहेत, रिक्षात," मी घाईघाईनं सगळं सांगितलं.

त्यांचा आवाज एकदम बदलला. घरातला आवाज गेला आणि दुसराच कुठला तरी आला, सपाट, स्वच्छ, जराही घाई नसलेला. "रिक्षा आहे ना, मग जमेल. पंपिंग स्टेशनच्या रस्त्यानं खाली उतरायचं. जुन्या बंधाऱ्यावरून रिक्षा जाते. एकेरी सोडतात, पण आजारी माणूस आहे म्हटलं की तिथला माणूस आधी सोडतो. बारा मिनिटं. रुग्णालयाचं पुढचं फाटक खोदलंय, मागच्या फाटकानं जा. निघा."

रिक्षा वळलीसुद्धा. आणि तिच्या मागे उरलेली माणसं माझ्या फोनवर तुटून पडली. स्कूटर जाते का, चालत जाता येतं का, टेम्पोचं काय, एकच गलका.

"एकेक," फोन म्हणाला. "रांग लावा."

'नागरिकांनी सहकार्य करावे' हे मी आजवर किमान चारशे वेळा छापलंय. कोणी कधी केलं नाही. इथे फोनमधून तीन शब्द आले आणि साठ-सत्तर माणसं मुकाट्यानं एकामागे एक उभी राहिली. मी फोन पोटाशी धरून उभा. प्रत्येक जण वाकून विचारत होता, आणि मला वरून त्यांचे भांग नि टकलं दिसत होती.

"परीक्षा आहे, कॉलेजला पोचायचंय."

"मंडईच्या मागच्या फाटकातून दर वीस मिनिटांनी छोटी बस आहे. पुढची सव्वादहाला. पळालात तर मिळेल. पुढचे?"

"दुधाचा टेम्पो आहे."

"बंधाऱ्यावरून नाही सोडणार. बाहेरच्या वळणरस्त्यानं, पाऊण तास. दुकानांना आत्ताच फोन करून सांगा. पुढचे?"

"आजी, चाळीस दिवसांत होईल का हो पूल?"

"ते अजून कळलं नाही. मुकादम पन्नास म्हणतो."

रांग हसली. नगरपालिकेच्या माहितीवर लोक असे मोकळे हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

शेवटी ते उंच गृहस्थ आले. त्यांचं काम झालं, पण ते वाकलेलेच राहिले. "बाई, तुम्ही नगरपालिकेत असता का?"

"मी नाही. माझे जावई असतात. हे वार्तापत्र लिहितात ना, ते. फोन त्यांच्याच हातात आहे."

गृहस्थ हळूहळू सरळ झाले. त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, अंकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पायांखालची जमीन दुभंगावी असं वाटण्याचा तो क्षण; पण रस्ते विभाग पुलावर होता, माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

"म्हणजे...?"

"हो," मी म्हणालो. "ते गाढव मीच."

ते म्हणाले, "असू दे. फोन मात्र चांगला धरलात."

मला पुढची छोटी बस मिळाली असती. गेलो नाही. माणसं येतच होती आणि फोनमध्ये जीव होता तोवर, म्हणजे दीडपर्यंत, मी तिथेच खिडकी होऊन उभा राहिलो. बक्षीस फोटो काढणाऱ्या बाईंनी घेतलं. त्या नदीपलीकडेच राहतात. अध्यक्षांनी भाषणात अंकाच्या 'निःसंदिग्ध शैली'चा खास उल्लेख केला, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

त्या दुपारी मी पुढच्या दारानं इमारतीत शिरलो. फळ्यावर लिहिलं होतं: 'मंगळवारी रात्री झोपाल तेव्हा पूल चालू असेल. बुधवारी सकाळी उठाल तेव्हा बंद.' खाली बंधारा, छोटी बस, वळणरस्ता, सगळं होतं. हे शनिवारपासून तिथे होतं. आमच्या इमारतीतलं एकही माणूस त्या सकाळी पुलावर गेलं नव्हतं, एक मी सोडून.

"मला हात धरून का नाही थांबवलंत?" मी वर जाऊन विचारलं.

"खिडकीवरही असे यायचे," त्या म्हणाल्या. "कधीकधी तर त्या गाडीचा ड्रायव्हरच येऊन वाद घालायचा. त्याला गाडी सुटल्यावरच पटायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बसा. तुम्हाला एक सांगते. लेकींनाही सांगितलं नाहीये."

नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांनी एका माणसाला चुकीची गाडी सांगितली होती. वेळापत्रक बदललं होतं. आत जाऊन विचारायला हवं होतं, पण रांग मोठी होती. तो माणूस आईला भेटायला निघाला होता, ती अत्यवस्थ होती. आठवड्यानं तो परत खिडकीवर आला, डोकं भादरलेलं. त्यानं सासूबाईंना ओळखलं नाही. त्याला फक्त परतीच्या गाडीची वेळ हवी होती. "मी ती तीन जणांना विचारून सांगितली," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याला 'चूक माझी होती' असं काही म्हणाले नाही. दोन श्वासांत बसत नव्हतं ते." त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला, आणि माझ्या बाबतीत ही मोठीच घटना होती.

पुढे चौकशी लागली. साहेबांचं म्हणणं, इंजिनिअरांनी शून्य-शून्य लिहून घोळ घातला, तेव्हा दोष तिकडे ढकलू. मोह झाला. एक अख्खी संध्याकाळ झाला. मग मी मुख्याधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं की पत्र बरोबर होतं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती साहेबांनी माझीच जुनी पत्रं समोर ठेवून लिहिली होती; माझ्यावर नेमका काय आरोप आहे हे कळायला मला ती दोनदा वाचावी लागली.

उत्तर मी तीन पानांचं लिहिलं आणि या वेळी स्वतःहून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चाळलं.

"यात चूक कोणाची?"

"दुसऱ्या पानावर आहे, आई."

त्यांनी कागद माझ्यापुढे परत सरकवला. मी कागद उचलला, आत गेलो आणि चार ओळी लिहून आणल्या. त्यातली पहिली, 'चूक माझी.' लेखी ताकीद मिळाली, आणि बायको माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलू लागली.

साहेबांनी सासूबाईंना सल्लागार म्हणून बोलावायचं ठरवलं होतं. सासूबाईंनी साफ नकार दिला. "मी रिटायर झालेय. जिन्याखाली बसायला तुम्ही आहात की." पण अंक छापायला जाण्याआधी मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. आता तो दोनच पानांचा आहे. पुढच्या पानावर काय बंद, कधी, आणि मग काय करायचं. फिती कापणारे मागच्या पानावर. त्यावरून दोन नगरसेवक माझ्याशी बोलत नाहीत. आणि कोपऱ्यात एक चौकट असते, 'अजून कळलं नाही' नावाची. साहेबांनी ती महिनाभर अडवून धरली होती. पण छापून यायला लागल्यावर मुख्याधिकारी तीच आधी वाचतात आणि ज्या त्या विभागाच्या अधिकाऱ्याला विचारतात, त्यामुळे त्यातल्या गोष्टी अचानक कळू लागल्या आहेत.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात जाण्याआधी गावात फिरतो. ज्यांच्या कामावर मी दोन दशकं लिहिलं त्यांची तोंडं तरी बघावीत म्हणून. पहिल्याच सोमवारी टाकीपाशी व्हॉल्व्ह फिरवणारे काका भेटले, खांद्यावर हातभर लांब लोखंडी चावी.

"तुम्ही कोण?"

"मी नगरपालिकेचं वार्तापत्र लिहितो."

"ते अजून निघतं?" ते म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

मी नव्या अंकाचा कच्चा कागद पुढे केला. त्यांनी चावी भिंतीला टेकवली, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचला.

"इथे चुकलंय. सहा नाही, साडेपाच. सहाला मी घरी असतो."

मी ते तिथेच दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा एकदा कागद मागून घेतला, मी साडेपाचच लिहिलंय ना ते बघितलं, आणि मगच चावी उचलून कामाला लागले.